नवीन सापाच्या श्वासात घरघर येतेय? ओळखायचं कसं आणि त्या दिवशी करायचं काय

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, सापाला खोकता येत नाही. आपल्या छातीत कफ झाला की आपण जोर लावून खोकतो आणि मोकळे होतो, कारण छाती आणि पोटाच्या मधे आपल्याला पडदा असतो. सापाला तो पडदाच नाही, त्याचा सगळा श्वास बरगड्यांच्या स्नायूंवर चालतो. त्यात पुन्हा मुख्य काम करणारं फुफ्फुस एकच, उजवं, लांबच्या लांब. डावं बऱ्याच सापांत नसल्यात जमा असतं, अजगराच्या जातीत असतं पण उजव्यापेक्षा लहान. त्यामुळं आत कफ साठायला लागला की तो साठतच जातो, आणि सापाचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, घट्ट गुठळ्या होतात, त्या नळीतून आपोआप वर येत नाहीत. म्हणून ज्या दिवशी तुम्हाला पहिली घरघर ऐकू येते त्या दिवशी आजार सुरू झालेला नसतो, तो बऱ्याच दिवसांपासून आत असतो. "दोन दिवस बघू, आपोआप बरं होईल" हे सापाच्या बाबतीत करायचं नाही, एवढ्यासाठीच हे सगळं लिहितोय.

कोल्हापुरात माझ्या ओळखीत बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक या परदेशी जातींचे बिनविषारी साप पाळणारी पोरं वाढलीत, आणि नवीन साप घरी आला की पहिल्या महिना-दोन महिन्यांत मेसेज येतो तो बहुतेक याचाच, "नाकातून बुडबुडा येतोय", "शिट्टीसारखा आवाज येतोय", "तोंड उघडं ठेवून बसलाय". पुढं जे सांगतोय ते मुख्यतः बॉल पायथन डोळ्यांसमोर ठेवून, कॉर्न स्नेकसाठी जिथं वेगळं आहे तिथं तसं सांगतो.

एक महत्त्वाचं इथंच सांगून टाकतो. नाग, धामण, तस्कर, मांडूळ, आपला अजगर, दिवड, यातला कुठलाही साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आजारी दिसला म्हणून उचलून आणून उपचार करणं पण नाही चालत. तसा साप दिसला तर सर्पमित्राला किंवा वन खात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. बॉल पायथन परदेशी, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, पण तो आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या यादीत आहे, म्हणून २०२२ ची कायदादुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांच्यानुसार त्याची केंद्र सरकारच्या परिवेश या वेबसाइटवर नोंदणी करावी लागते, साप ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत. ते कागद फाइलला लावून ठेवा, डॉक्टरकडं जाताना सोबत न्या.

आधी निरोगी श्वास बघून ठेवा

बिघडलेलं ओळखायचं तर नीट असलेलं माहीत पाहिजे, आणि ते बघायचा वेळ म्हणजे साप घरी आल्यावरचे पहिले दोन आठवडे. तेव्हा हाताळायचं नाही, फोटोसाठी बाहेर काढायचं नाही, फक्त बघायचं. साप गुंडाळी करून शांत बसलेला असताना डोक्याच्या मागं शरीराचा पुढचा एक तृतीयांश भाग बघा, तिथं कुशी हलकी फुगते आणि बसते, आणि मग बराच वेळ काहीच होत नाही. हा मधला थांबा नॉर्मल आहे, साप सलग श्वास घेत नाही, घेतो, थांबतो, पुन्हा घेतो. नवीन माणूस तिथंच घाबरतो की श्वास बंद पडला की काय, तसं काही नसतं. तोंड बंद, नाकपुड्या कोरड्या आणि मोकळ्या, आवाज शून्य, हा निरोगी साप.

रात्री घरातले झोपल्यावर फॅन बंद करा आणि साप ठेवलेल्या टबाला कान लावून पाच मिनिटं बसा. टीव्ही चालू असताना, रस्त्यावर गाड्या असताना काही ऐकू येत नाही, बारीक टिकटिक तर अजिबात नाही. मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, तारीख टाकून. पुढं कधी शंका आली तर आजचा श्वास आणि तेव्हाचा श्वास शेजारी ठेवून बघता येतो, आणि डॉक्टरलाही त्याचा फार उपयोग होतो. वजन पण पहिल्या आठवड्यातच करा, किचनमधला ग्रॅमचा डिजिटल काटा चालतो, वर एक डबा ठेवायचा आणि वजन शून्य करून साप त्यात.

खरं तर हे ऐकायचं काम विकत घ्यायच्या आधीच करायला पाहिजे. विकणाऱ्याकडं साप हातात आला की तो आपल्या हातातून सरकू द्या, बोटांना आत कुरकुर किंवा बुडबुडे फुटल्यासारखं जाणवतं का बघा, नाकाभोवती वाळलेली पापुद्री आहे का बघा, टबाच्या काचेवर किंवा भिंतीवर वाळलेल्या थुंकीचे डाग आहेत का बघा. हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही, पण आजारी साप काचेला तोंड घासतो आणि त्याचे डाग पडतात. डाग दिसले तर साप कितीही स्वस्त मिळत असला तरी परत फिरा.

कुठल्या आवाजाला घाबरायचं नाही

फुत्कार हा आजार नाही. नवीन साप घाबरलेला असतो, हात आत गेला की जोरात हवा सोडतो, हात काढला की थांबतो. जो आवाज तुम्ही जवळ गेल्यावरच येतो आणि लांब गेल्यावर बंद होतो तो बहुतेक भीतीचा असतो. आजाराचा आवाज साप एकटा, शांत बसलेला असताना येतो.

कात टाकायच्या आधी डोळे निळसर धुरकट होतात, त्या दिवसांत नाकाजवळची जुनी कातडी सैल झालेली असते आणि हवा जाताना बारीक शिट्टी वाजते. ही शिट्टी कात पडली की थांबली पाहिजे. कात पडल्यावर टाकलेली कातडी टाकून देऊ नका, डोक्याकडचा भाग उलगडून बघा, नाकपुड्यांचा भाग पूर्ण निघालाय का. तिथं तुकडा अडकला असेल तर ओलं मॉस (शेवाळ) घातलेला छोटा डबा, त्याला जाण्यापुरतं भोक, असा दमट आडोसा एक-दोन दिवस आत ठेवा, बहुतेक वेळा सुटतो. चिमट्यानं उकरायला जाऊ नका. कात पडून दोन-तीन दिवस झाले, नाक मोकळं दिसतंय, तरी शिट्टी चालूच आहे, मग मात्र ते कातीचं नाही.

खाऊन झाल्यावर मोठा जबडा उघडणं, म्हणजे जांभईसारखं, ते जबडा जागेवर बसवणं असतं. पाणी पिऊन झाल्यावर लगेच नाकाशी एखादा थेंब, बुडबुडा, तोही ठीक. फरक एकच लक्षात ठेवा, एकदा होऊन गेलं ते सोडून द्या, पुन्हा पुन्हा होतंय ते वहीत लिहा.

आता खऱ्या खुणा

सुरुवातीला टिकटिक असते. श्वास घेताना किंवा सोडताना नखावर नख वाजवल्यासारखा बारीक आवाज. मग घरघर. मग नाकातून किंवा ओठांच्या फटीतून फेसाळ, चिकट लाळ, तोंड किंचित उघडलं की तिच्या तारा ताणलेल्या दिसतात. साप खाणं सोडतो, पण इथं फसायला होतं कारण बॉल पायथन निरोगी असतानाही आठवडेच्या आठवडे खात नाही, त्यामुळं नुसतं न खाणं यावरून काही ठरवू नका, न खाणं अधिक आवाज असं दोन्ही दिसलं तर ठरवा. गळ्याचा भाग प्रत्येक श्वासाला फुगतोय, तेही बघा.

सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे डोकं. आजारी साप डोकं वर करून, मान ताठ ठेवून, टबाच्या भिंतीला टेकवून बसतो, कधी नाक सरळ छताकडं. असं बसलं की त्याला हवा घ्यायला थोडं सोपं जातं. इकडंतिकडं बघण्यासाठी डोकं वर करणारा साप जीभ बाहेर काढत असतो, हलत असतो. हा तसा नसतो, तसाच तासन्तास राहतो. जर सापाला पाठीवर उलटं केल्यावर तो सरळ होत नसेल, डोकं डगमगत असेल, तर प्रश्न फक्त फुफ्फुसाचा नाही, मेंदू-मज्जासंस्थेवर परिणाम करणारे व्हायरसही सापांत असतात, हे डॉक्टरला आवर्जून सांगा.

तोंड सतत उघडं ठेवून श्वास, तोंडाच्या आतला रंग गुलाबीऐवजी फिका, राखाडी किंवा निळसर, साप हातात घेतल्यावर दोरीसारखा लोंबतोय, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच वेळी फोन करायला लागायचं.

तोंड जबरदस्तीनं उघडून बघू नका, दात मोडतात, हिरड्यांना जखम होते आणि त्यातून तोंडात पू होणारा वेगळाच आजार सुरू होतो. साप जांभई देईल तेव्हा टॉर्च मारून बघा. खालच्या जबड्यात जिभेच्या लगेच मागं एक छोटी चीर दिसते, ती उघडझाप करते, तीच त्याची श्वासनळी. तिच्याभोवती कोरडं आणि स्वच्छ असेल तर छान. तिथं फेस, पिवळसर गोळे किंवा लाल ठिपके असतील तर फोटो काढा.

हे होतं कशामुळं

बहुतेक वेळा उत्तर टबात मिळतं, आणि बहुतेक वेळा ते उत्तर म्हणजे गारवा. साप स्वतःची उष्णता तयार करत नाही, त्याची प्रतिकारशक्ती बाहेरच्या उष्णतेवर चालते. बॉल पायथनला गरम बाजू ३१ ते ३२ अंश लागते, थंड बाजू २५ ते २७, आणि रात्रीही २४ च्या खाली नको. कॉर्न स्नेकला गरम बाजू २९-३० आणि थंड बाजू २२ ते २५ पुरते, त्यामुळं मित्राच्या कॉर्न स्नेकचं सेटिंग बघून आपल्या पायथनला लावू नका. तोंडात, नाकात एरवी राहणारे सुडोमोनास, एरोमोनास यांसारखे जिवाणू साप गारठला की खाली फुफ्फुसात जाऊन वाढतात.

आता आपल्या गावाचं हवामान बघा. लोकांना वाटतं कोल्हापूर काय, हिवाळ्यात सांभाळलं की झालं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा पंधराच्या आसपास येतो हे खरं, पण तेव्हा निदान थंडी जाणवते आणि माणूस हीटर लावतो. खरा दगा जुलै-ऑगस्ट देतात. दिवसेंदिवस पाऊस, ऊन नाही, भिंतींना ओल, खोलीत २२-२३ अंश आणि हवेत ओलावा नव्वदीच्या घरात. आपल्याला हवा छान वाटते. सापासाठी गार अधिक ओलं हे सगळ्यात वाईट मिश्रण, टबातला नारळाचा भुसा कधीच वाळत नाही, खाली बुरशी धरते, आणि साप त्याच्यावर पोट टेकून चोवीस तास. पुस्तकात लिहिलेलं असतं की बॉल पायथनला ५५ ते ७० टक्के ओलावा द्या आणि नवीन माणूस ते वाचून पावसाळ्यातही रोज स्प्रे मारत बसतो. पावसाळ्यात स्प्रे बंद. भुसा पातळ करा नाहीतर सरळ कागद घाला, टबाला वरून आणि बाजूनं हवेची भोकं वाढवा. उन्हाळ्यात उलटं, एप्रिल-मेमध्ये दुपारी हवा कोरडी असते, तेव्हा पाण्याचं भांडं मोठं करा आणि दमट आडोसा द्या, कारण फार कोरड्या हवेनंही नाकाची आतली त्वचा सुकते आणि जंतूंना वाट मिळते.

काट्याचे स्वस्त गोल थर्मामीटर भिंतीला चिकटवलेले असतात ते काढून टाका, ते खोटं दाखवतात. वायरच्या टोकाला सेन्सर असलेले दोन डिजिटल घ्या, एक गरम बाजूला जमिनीलगत आणि एक थंड बाजूला, साप जिथं झोपतो तिथं. हीट मॅट, म्हणजे टब गरम करायची विजेची चटई, थर्मोस्टॅटशिवाय (तापमान ठरावीक ठेवणाऱ्या यंत्राशिवाय) लावायची नाही, भाजून जखमा होतात. आणि लाल बल्ब लावून टब गरम करणाऱ्यांनी त्याच्याखाली ओलावा किती उरतो तो एकदा मोजून बघावा.

दुसरं कारण धूर आणि वास, आणि याच्याकडं आपल्या घरात कुणाचं लक्ष जात नाही. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, झुरळांचा स्प्रे, फरशीला काळं फिनाईल, नवीन रंग. फिनाईल तर सापासारख्या प्राण्याला विषारीच आहे, टब धुवायला कधीही वापरू नका. आणि आपल्याकडं उन्हाळ्यात वर्षाची चटणी होते तेव्हा मिरच्या आणि मसाले भाजताना सगळ्या घराला ठसका लागतो. आपण खोकत बाहेर पळतो, तो टबात अडकलेला असतो आणि खोकूही शकत नाही. त्या दिवशी आईला किंवा मामीला आधी विचारून घ्या कधी भाजणार आहे, आणि टब दुसऱ्या खोलीत किंवा शेजाऱ्याकडं हलवा. देवदार किंवा पाइनच्या लाकडाचा भुसाही नको, त्यातल्या तेलाचा वास श्वासनळीला त्रास देतो.

तिसरं, दुसऱ्या सापाकडून आलेला आजार. बॉल पायथनमध्ये निडोव्हायरस नावाचा व्हायरस २०१४ मध्ये पहिल्यांदा नोंदला गेला, त्यात तोंडात भरपूर चिकट लाळ, आतून लालसरपणा, आणि अँटिबायोटिक देऊनही फरक नाही असं दिसतं. त्यावर थेट औषध नाही, आधार देणारे उपचार असतात. शिवाय माइट्स, म्हणजे सापाच्या अंगावरचे बारीक काळे किडे, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीखाली ठिपक्यांसारखे दिसतात, पाण्याच्या भांड्यात बुडून मेलेले सापडतात. ते रक्त पितात, साप अशक्त होतो आणि एका सापाचा आजार दुसऱ्याला पोचवण्यात त्यांचा हात असल्याचा संशय आहे. म्हणून घरात आधीचा साप असेल तर नवा साप तीन महिने वेगळ्या खोलीत, त्याचा चिमटा वेगळा, भांडं वेगळं, आणि रोज आधी जुन्याचं काम मग नव्याचं, उलटं नाही.

आवाज ऐकू आला, आता त्या दिवशी काय करायचं

पहिलं काम, तापमान वाचा. अंदाजानं नको, आकडे लिहा, गरम बाजू, थंड बाजू, ओलावा. मग टब गरम करा, पण चांगल्या मर्यादेच्या वरच्या टोकापर्यंतच. बॉल पायथनला गरम बाजू ३२ आणि थंड बाजूही २७-२८, रात्रंदिवस तीच, रात्री कमी करायची नाही. पस्तीस-छत्तीसवर नेऊन घाम काढू असा विचार करू नका, सापाला घाम येत नाही, त्याच्या जिवावर बेतू शकतं. थंड बाजू राहिलीच पाहिजे म्हणजे त्याला नको असेल तर सरकता येतं.

सगळा भुसा काढा आणि खाली साधा कोरा कागद किंवा टिश्यू घाला. याचे दोन फायदे, ओल राहत नाही आणि लाळेचा डाग, शी, किडे सगळं लगेच दिसतं. पाण्याचं स्वच्छ भांडं ठेवा, पण साप त्यात बुडून बसेल एवढं मोठं नको. दोन आडोसे, एक गरम बाजूला एक थंड बाजूला, म्हणजे त्याला लपायला जागा शोधत गारव्यात बसावं लागणार नाही.

खायला देऊ नका. हे घरच्यांना पटत नाही, आजारी आहे तर ताकद यायला पाहिजे असं वाटतं, पण पचवायला त्याच्याकडं जोर नसतो आणि उंदीर उलटून आला तर त्यातला अंश श्वासनळीत जातो. वजन धरून असलेला मोठा बॉल पायथन काही आठवडे न खाता सहज राहतो. अगदी लहान पिल्लू असेल किंवा आधीच हाडं दिसत असतील तर तेवढ्याच कारणासाठी डॉक्टरकडं आणखी लवकर जा.

हाताळणं बंद. दिवसातून एकदा व्हिडिओ, एकदा आकडे, बाकी त्याला एकटं सोडा. त्याच्या टबाचं काम झाल्यावर साबणानं हात धुवा, सापांच्या अंगावर साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो, घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर जास्तच.

आणि त्याच दिवशी डॉक्टर शोधायला सुरू करा. टब गरम केल्यावर आवाज कमी झाला तरी सुद्धा. नुसता गारवा लागून नाक थोडं ओलं झालेला साप उष्णतेनं सुधारतो हे खरं, पण लाळ दिसली किंवा तोंड उघडं पडलं त्या पुढं उष्णता एकटी पुरत नाही.

पावसाळ्यात लाईट गेली तर? २०१९ आणि २०२१ च्या महापुरात काही भागांत दिवसेंदिवस लाईट नव्हती, हे ध्यानात ठेवून जूनमध्येच तयारी करा. थर्माकोलची पेटी, तिला हवेची भोकं, आत साप कापडी पिशवीत, शेजारी गरम पाण्याची बाटली जाड टॉवेलात गुंडाळून. बाटली थेट अंगाला लागता कामा नये, आणि दर दोन-तीन तासांनी पाणी बदला. सेन्सरवाला थर्मामीटर पेटीतच ठेवा.

हे अजिबात नको

व्हिक्स, निलगिरीचं तेल, कापूर, ओव्याची धुरी, अडुळशाचं सिरप, हळदीचं दूध. सापाला दूध तर कुठल्याच कारणानं नाही, नागपंचमीलाही नाही, ते त्याचं अन्न नाही आणि तहानलेल्या सापाच्या तोंडात ओतलेलं दूध श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया होतो. गरम पाण्याची वाफ द्यायला भांड्यावर धरू नका. कोमट पाण्यात बसवू नका, दम लागलेला साप डोकं वर धरू शकला नाही तर त्या पाण्यात गुदमरतो. घरातल्या आजोबांच्या दम्याच्या मशीनमधलं औषध त्याला देऊ नका, नेब्युलायझर सापालाही देतात पण त्यात काय घालायचं आणि किती वेळ ते डॉक्टर ठरवतात.

मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून अंदाजानं देणं हे सगळ्यात धोक्याचं. काही इंजेक्शनं अशी आहेत की सापाच्या अंगात पाणी कमी असेल तर किडनी जाते, काहींनी टोचलेल्या जागेचं मांस सडतं. डोस वजनावर असतो, ग्रॅममध्ये, आणि सापाला तो रोज लागतोच असं नाही, सेफ्टाझिडीमसारखं औषध साधारण ७२ तासांनी एकदा देतात. कुत्र्याच्या हिशोबानं दिलं तर काय होईल ते सांगायला नको.

डॉक्टर आणि प्रवास

आपल्याकडं जनावरांचे डॉक्टर भरपूर, पण बहुतेकांचा हात गाई-म्हशी आणि कुत्र्या-मांजरांवर बसलेला. म्हणून जायच्या आधी फोन करून सरळ विचारा, "तुम्ही सापावर, कासवावर कधी उपचार केलेत का?" नाही म्हणाले तर त्यांना ओळखीतलं कुणी आहे का विचारा, आणि ते पुण्या-मुंबईच्या अनुभवी डॉक्टरशी फोनवर बोलून उपचार करायला तयार आहेत का तेही विचारा, बरेच जण आनंदानं तयार होतात. साताऱ्याच्या पुढं हायवेवर शिरवळला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथंही फोन करून चौकशी करता येते. सर्पमित्राला फोन करायला हरकत नाही, त्यांच्या ओळखी असतात, पण ते पकडून सोडणारे, औषध देणं त्यांचं काम नाही. हे नंबर साप आणायच्या आधीच वहीत पाहिजेत, रात्री अकराला शोधायला लागणं फार वाईट.

पुण्याला न्यायचं तर कोल्हापूरहून चार-पाच तासांचा रस्ता. कापडी पिशवी, गाठ मारून, ती भोकाच्या पेटीत, बाटली वर सांगितल्यासारखी. एसीचा झोत पेटीवर नको, उन्हात उभ्या गाडीत सोडून चहाला जायचं नाही. एसटीत नेऊ नका, लोक घाबरतात आणि गोंधळात सापाचेच हाल.

डॉक्टरसमोर साप बऱ्याचदा गप्प बसतो, आवाज काढतच नाही, म्हणून व्हिडिओ दाखवा. तापमानाची वही, वजन, शेवटचं कधी खाल्लं, कात कधी टाकली, कुठून आणला, घरात दुसरे साप आहेत का, हे सगळं सांगा. एक्स-रे काढतील, आणि शक्य असेल तर श्वासनळीतला नमुना घेऊन कुठले जंतू आहेत, कुठल्या औषधानं मरतात याची तपासणी करायला सांगा. खर्च वाढतो, वेळ जातो, पण चुकीचं अँटिबायोटिक तीन आठवडे देण्यापेक्षा ते बरं. इंजेक्शन घरी द्यायचं ठरलं तर डॉक्टरसमोर एकदा स्वतःच्या हातानं देऊन बघा, सापाला ते साधारणपणे शरीराच्या पुढच्या अर्ध्या भागात देतात आणि दर वेळी बाजू बदलतात.

औषध चालू असताना उष्णता तशीच वरच्या टोकाला ठेवायची, गार सापाच्या अंगात औषध नीट फिरत नाही. चार-पाच दिवसांत आवाज थांबला म्हणून कोर्स अर्धवट सोडायचा नाही, दोन-तीन आठवडे किंवा जास्तही लागतात, आणि मधेच सोडलं की उरलेले जंतू त्या औषधाला दाद देत नाहीत. पूर्ण कोर्स होऊनही पुन्हा घरघर आली तर तेच औषध पुन्हा मागू नका, व्हायरस किंवा बुरशी किंवा फुफ्फुसातले जंत असतील याची तपासणी मागा.

कोर्स संपला, आवाज बंद, तोंड कोरडं, साप जागेवर फिरायला लागला, की डॉक्टरला विचारून पहिला उंदीर नेहमीपेक्षा लहान द्या, आणि तो पचून शी झाल्यावरच दुसरा. भुसा लगेच घालू नका, आणखी काही आठवडे कागदच राहू द्या. टब आणि भांडी पाण्यात पातळ केलेल्या ब्लीचनं धुवा, मग साध्या पाण्यानं भरपूर खंगाळा आणि वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात वाळवा, लाकडी आडोसे असतील तर ते सरळ टाकून नवे घ्या. दर आठवड्याला वजन आणि रात्री फॅन बंद करून पाच मिनिटं ऐकणं हे निदान तीन महिने चालू ठेवा, आणि वेगळ्या खोलीत ठेवायचे ते तीन महिने शेवटचा आवाज ऐकला त्या दिवसापासून नव्यानं मोजा.